वळसा

शेवंती खवणेकरणीच्या सोड्यांची वेबसाइट
निवतीत, आमच्या पडवीत, पहिल्यांदा उघडली
तेव्हा ती फक्त माझ्याच लॅपटॉपवर होती.

नाव विकत घ्यायचं बाकी होतं.
मी हॉस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहिली :
१२७.०.०.१, एक जागा सोडून शेवंतीचं नाव.
म्हणजे यंत्राला सांगून ठेवलं,
ह्या बाईला कुणी विचारत आलं
तर बाहेर चौकशी नको, ती आपल्याच घरात आहे.

यंत्र तसं सरळ. आधी घरात विचारतं,
घरात कळलं नाही तरच पायरी उतरतं :
तिठ्यावर, तिथून तालुक्याला,
तिथून जगाच्या मुळाशी बसलेल्या तेरांपैकी कुणाला,
ज्याला शेवंती ठाऊक नसते,
पण पुढे कुठल्या दारात विचारायचं ते ठाऊक असतं.

बाबांनी फोन काढला.
खवलं चिकटलेल्या बोटाने नाव लिहिलं, दोनदा.
"खंय गो? ह्यो म्हणता, असा कोण नायच."

बरोबर होतं त्याचं. तो बाहेर विचारून आला होता.
आणि माझी ओळ त्याच्यात उतरवून दिली असती
तरी १२७.०.०.१ म्हणजे ज्याचा तो.
फोनने शेवंतीला स्वतःच्याच खिशात शोधलं असतं.

"मगे लोकांका कसा दिसतला?" शेवंतीने विचारलं.
नाव घ्यावं लागेल. वर्षाला आठशे.
"माझाच नाव? माकाच इकत?"
हसत सुटली. मग कनवटीची गाठ सोडून
नोटा सरळ करायला बसली.

दिवाळीनंतर साइट जगाला दिसू लागली.
पुण्याहून ऑर्डर, डोंबिवलीहून दोन.
भाव थेट सर्व्हरवरच वाढवले, फोटो बदलले,
आणि माझ्याकडे मात्र तेच जुने भाव,
सोड्यांच्या सुपामागे तीच आमची मांजर.
दोन दिवस सर्व्हरला शिव्या घातल्या.
कॅश पुसली. मोडेम बंद करून चालू केला.

तिसऱ्या दिवशी बाबांबरोबर होडीत होते.
बंदराच्या तोंडाशी त्यांनी सुकाणू दाबलं,
हा एवढा वळसा. समोर तर मोकळं पाणी.
"थंय काय आसा?"
"गोधडी."

गोधडी म्हणजे खडप. कुठल्याच नकाशात नव्हती.
देवळाचा कळस दोन माडांच्या मधोमध आला
की तुमच्या खाली ती, एवढाच तिचा पत्ता.
जेटीच्या कामात सुरुंग लावून फोडली,
मी सातवीत होते तेव्हा.

"फुटली ना पण ती?"
"म्हायत आसा माका."
होडी पुरता वळसा घालूनच किनाऱ्याला आली.

रात्री फाइल उघडली.
ओळ होती तिथंच होती.
पुसायला बोट गेलं, थांबलं.
मग तिच्यापुढे नुसती हॅशची खूण ठेवली,
यंत्राने वाचू नये एवढ्यापुरती.

पान पुन्हा उघडलं.
मांजर नव्हती.