मोडका कान

बेलापूर कोर्टात मढवी वकील
उजव्या कानाने साक्ष ऐकतात.
डावा कॉलेजातच चुरगळला, मॅटवर.
कॉलर अजून शिंप्याकडून वाढवून घेतात.

भाडेकराराची फी आली की मला म्हणतात, जा,
घणसोलीच्या त्या पोरीला बुटाचा नंबर विचार.
चारशे मीटर. अनवाणी पळते,
सिडकोच्या मोकळ्या प्लॉटवर.

त्या प्लॉटला आता पत्रे लागलेत.
वकिलांनी स्थगिती मागितली. फेटाळली.

बाहेर येऊन कोट काढला,
घडी घालून माझ्या हातात दिला,
हौद्यात उतरताना कुणी
भावाकडे सदरा द्यावा तसा.
पाठ टेकली नाही अजून, म्हणाले,
अपील लिहायला घे.
आणि नंबर काय म्हणाली ती?

तिला माहीत नव्हता.
फाइलीच्या फितीने पाऊल मोजून आणलेलं;
गाठ मारलेली फीत
मी पुढे केली.