बैठ्या घरातला जिना

कोवारिकांना बैठं घर हवंय.
बैठं म्हणजे बसलेलं नव्हे, एमेट बजावतो,
दिवसभर घोड्यावर काढून माणूस पाय पसरून टेकतो ना,
तसं.

नायोब्राराच्या दक्षिणेला नुसत्या गवताच्या टेकड्या,
मैलोन् मैल झाड नाही,
आणि वारा असा, की त्याला विचारल्याशिवाय
दार कुठल्या बाजूला उघडायचं तेही ठरत नाही.
म्हणून पहिली रेघ मी वाऱ्यासाठी मारली:
उत्तरेकडे छप्पर खाली ओढलं, कानटोपीसारखं.

एमेट फुटांत बोलत नाही.
"हॉल दोन ट्रॅक्टर लांब," तो सांगतो,
"आणि स्वयंपाकघर, गाय वळेल एवढं."
मी हसले. तो नाही हसला.
गेल्या मार्चच्या हिमवादळात एक वासरू
तीन रात्री ओव्हनसमोर झोपलं होतं.
मी वहीत लिहिलं: फरशी धुता येणारी. कोपरे गोल.
नाल्याची जाळी मोठी.

म्हातारे आलोइस चौऱ्याऐंशीचे.
पवनचक्की फिरतेय हे पाहिल्याशिवाय
ते दाढीला साबण लावत नाहीत.
ती थांबली तर हौद रिकामा, हौद रिकामा तर गुरं हंबरणार,
मग कसली दाढी!
त्यांच्या आरशाशेजारी एक उभी फट ठेवली,
अर्धा गाल, अर्धी चक्की.

जुळ्यांना, बेनो आणि कॅस्परला,
कपाटाच्या पाठीमागून एकमेकांच्या खोलीत जाणारं भुयार.
नकाशावर मी नोंदवलं, 'कुत्र्याची ये-जा'.
मोठ्यांनी ते वाचलं, कुत्र्याकडे पाहिलं,
आणि कोणी काही बोललं नाही.

मग टिल्डा. वय सहा. पुढचा दात पडलेला.
"मला जिना."
या मुलुखात जिने नाहीत.
शाळा बैठी, चर्च बैठं, दुकान बैठं,
धान्याच्या कोठाराला तेवढी शिडी आहे, तिथे पोरांना मज्जाव.
मी समजावलं, बाळा, वर काहीच नाहीये.
"मग मी वर जाऊन बघीन ना,
काहीच नाहीये ते."

त्या रात्री मी चार कागद फाडले.

लव्हॉनने काहीच मागितलं नाही.
चौथ्या भेटीत मी निघाले तेव्हा
ट्रकच्या खिडकीशी आली, हात अजून ओले.
"आई म्हणून हाक मारली,
तर ती पोचायला जरा वेळ लागावा.
फार नाही.
मला ऐकू यायलाच हवी. पण जरा वेळ."

घर मी एकोणीस फुटांनी लांबवलं.
एमेटने खर्चाचं विचारलं तेव्हा
छपराच्या तोलाबद्दल बरंच काही सांगितलं.
सगळंच काही खोटं नव्हतं.

मेमध्ये खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली.
गवतात आडवं पडलेलं घर, भिंतीविना.
आणि गंमत बघा,
घोट्याएवढी सुतळी कोणी ओलांडेना,
सगळे वळसा घालून दारातून आत आले.
आलोइसनी तर पायपुसणं नसतानाही बूट घासले.
गायींना मात्र रीतभात नाही.
अकरा गायी हॉलमधून शिरल्या, मोठ्या बेडरूममधून गेल्या,
एकीने जुळ्यांच्या भुयारावर शेण टाकलं.

टिल्डा आपला जिना शोधत होती.
पूर्वेच्या भिंतीशी तीन पायऱ्या, वर एक खिडकी,
तिच्या कपाळाएवढी.
आज तिथे गवताच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या.
चढली. तिसरीवर उभी राहिली.
बराच वेळ.

"काय दिसतंय गं?" लव्हॉनने विचारलं,
घराच्या दुसऱ्या टोकावरून.

वारा समोरचा होता.
हाक निघाली,
स्वयंपाकघरातून गेली, गायीला वळसा घातला,
पवनचक्कीपाशी थोडी रेंगाळली,

आणि टिल्डा अजून पाठमोरी उभी आहे.