अभिप्राय, चोडणहून

साईश,
तुझा खेळ सात रात्री खेळलो.
मुद्रितं तपासायचं ठरलं होतं, शब्दामागे पंचवीस पैसे.
अभिप्राय तू फुकटात मागितलास, तर घे.

आधी चुका.
आलिंगनातली वेलांटी पहिली, तू दुसरी दिलीस.
जरा लांबतं ते, मान्य,
पण व्याकरणात नाही.
केतकी चौदा वेळा म्हणते, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.'
आपल्याकडे असं कोण बोलतं रे?
'जेवलास?' एवढं विचारतात,
पुढचं पुढच्याने समजायचं.

पहिल्याच पडद्यावर 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलंस, बरं केलंस.
मी बावन्नचा. कपडे उतरतात, उतरू देत.
माझी हरकत हातांबद्दल आहे.
एवढ्या चित्रांत केतकीचे हात कुठेच नाहीत:
पाठीमागे, उशीखाली, केसांत, चादरीत.
तुझा चित्रकार म्हणाला, बोटं काढणं कठीण.
असेल.
पण जिला हातच नाहीत
ती ढकलणार कशाने?

आणि ढकलायची वेळ तू येऊच देत नाहीस.
आबोलीची फाती, कानातले, एक छत्री.
तीन वस्तू दिल्या की पट्टी गुलाबी भरते
आणि दार उघडतं.
आमच्या फेरीबोटीचंही इतकं सोपं नाही.
धुकं असतं, इंजिनाची मर्जी असते,
लोक धक्क्यावर स्कूटर बंद करून
उभे राहतात मुकाट.

तिसऱ्या रात्री मला डुलकी लागली.
घड्याळ संपलं, खेळाने परस्पर 'गप्प राहा' निवडलं,
आणि जाग आली तेव्हा
केतकी बाल्कनीत बसून बोलत होती,
बापाच्या म्हापशातल्या चष्म्याच्या दुकानाविषयी,
कोणी न्यायलाच न आलेल्या चष्म्यांच्या खणाविषयी.
लहानपणी ती एकेक डोळ्यांवर चढवून बघायची
कुणाकुणाला बाजार कसा दिसतो:
केळी विरघळलेली, चणेकार दोन-दोन,
बाप लांब, फार लांब.
अठ्ठावीस ओळी. एकही चूक नाही.
हे तू लिहिलंस?
मग बाकीचं कोणी लिहिलं?
आणि ही वाट सापडणार कुणाला,
तुझ्या खेळात कोण झोपणार?

ती 'मागे' जायची खूण मात्र
बळ म्हणू की उणीव, अजून ठरत नाही.
शालन रायबंदरला निघाली तेव्हा मी धक्क्यावर
'परत कधी?' विचारलं होतं.
'मी येऊ?' विचारायला हवं होतं.
बोटीचं फळकूट साखळ्यांवर वर गेलं,
मधे हातभर पाणी, मग वावभर.
सातव्या रात्री तुझ्या पर्यायांत तेच दोन शब्द दिसले.
केतकीला विचारलं. ती हसली.
मागे गेलो, पुन्हा विचारलं.
तेच हसू, तेवढंच, तिथूनच सुरू.
अकराव्या वेळी लाज वाटली,
उघड्या चित्रांनी वाटली नव्हती तशी.

आमच्या खाजनात मानस असते, बांधातलं लाकडी दार.
भरतीचं पाणी आपल्याच रेट्याने ते लावून घेतं,
ओहोटीला आपणच लोटतं.
कळ नसते, पट्टी नसते.
तसलं एखादं दार ठेव केतकीच्या बाजूला,
खेळणाऱ्याला न दिसणारं.
काही दिवस ते लागलेलंच राहू दे.
लोक चिडतील, पैसे परत मागतील.

हिशेब: शब्द एकतीस हजार चारशे,
रुपये सात हजार आठशे पन्नास.
नऊ ठिकाणी मी 'नको' घातलंय,
ते यात धरलेलं नाही.
काढायचं तर विचारून काढ.

पोदेराचा भोंगा वाजतोय वाड्यावर.
लॅपटॉप उघडाच आहे, केतकीच्या ओळीखाली
ते इवलं त्रिकोण उघडझाप करतंय.
थांब म्हणावं तिला,
चार उंडे घेऊन येतो.