त्रेसष्ट

कपड्यांवर धोब्याच्या काळ्या शाईनं
आईनंच घातला होता आकडा : ६३.
बनियन, मोजे, उशीचा अभ्रा.
टॉवेलच्या कडेला लाल दोऱ्यानं, दोनदा,
एक टाका उसवला तरी मी हरवू नये म्हणून.

ग्वाल्हेर. किल्ल्याच्या पायथ्याचं वसतिगृह.
जानेवारीत धुकं इतकं, की हजेरीला
नुसते आवाज रांगेत उभे असत.
एकसष्ट, हाजिर. बासष्ट, हाजिर.
माझा आवाज त्या वर्षी फुटत होता,
त्यामुळे रोज कुणी वेगळाच हजर व्हायचा.

काय काय शिकलो?
चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायला.
चार मिनिटांत जेवायला, डावा हात ताटाभोवती धरून.
दतियाच्या भानुप्रतापला मोठी मुलं मारत होती तेव्हा
वहीत बघत राहायला.
आणि रडायला. ते तोंड उघडं ठेवून करायचं,
मिटलं की नाक वाजतं.

घर शिवपुरीला. बसनं तीन तास.
भूगोलाच्या नकाशात माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

रविवारी पत्र. पाकीट उघडंच द्यायचं.
वॉर्डन दुबेजींना मराठी येत नसे,
म्हणून आमची पत्रं चित्रकलेच्या मुंगी सरांकडे जायची.
आडनावाला शोभेल असं अक्षर त्यांचं.
मी लिहायचो : ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. न.
मी मजेत आहे. क्रिकेटच्या टीममध्ये घेतलंय.
(नव्हतं घेतलं.)
जागा उरली तर खाली पोपट काढायचो.

आता पन्नाशी उलटली.
अजून रात्री पाण्याला उठताना
बायकोला विचारतो, जाऊ का?
आधी ती हसायची.
परवा स्टेशनवर मुलानं मिठी मारली
तर मी त्याची कॉलर सरळ केली.

आई गेल्यावर कपाटात
बिस्किटांच्या डब्यात सगळी पत्रं निघाली,
तारखेवार लावलेली.
एकाच्या तळाशी, पोपटाच्या शेजारी,
कागद पातळ झालेला, खोडरबरानं घासून घासून.
खिडकीशी तिरपा धरला
तेव्हा दिसल्या पेन्सिलीच्या मुंग्या, ओळीनं निघालेल्या :
मुलगा रात्री झोपत नाही. जमल्यास घेऊन जावे.

कुणी खोडलं?
सरांनीच, पाकीट चिकटवायच्या आधी, नोकरीच्या भीतीनं?
बाबांनी, आईनं वाचू नये म्हणून?
की आईनं, वाचून, कितीतरी वेळा वाचून?
हात जोरकस होता एवढं खरं,
पोपटाची अर्धी शेपूटही गेलीय.

खालून बहीण हाक मारते, सापडलं का रे काही?
मी पत्र पुन्हा घडीवर घडी घालून दुमडतो,
कोपऱ्याला कोपरा जुळवून.
उत्तर द्यायचं राहून जातं.
नुसता उभा आहे,
तोंड उघडं ठेवून.