एक पूर्णांक चार सेकंद

पूर्वी जाहिराती पायांनी यायच्या.
पडाव पुलावरून, सायकलवर,
हरचरण कुशवाहाच्या मफलरच्या टोकाला
गाठ मारलेला पेन ड्राइव्ह,
त्याआधी सीडी, कागदी पाकिटात,
पाकिटावर हळदीचं बोट.
तो चहा मागायचा, जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगायचा,
मग मी ऐकायचे, नाव द्यायचे, रांगेत बसवायचे:
सकाळी आठ बेचाळीस, धुक्याच्या खबरीनंतर.

आता रात्री तीनला आपोआप उतरतात.
गुरुग्रामहून, मुंबईहून, किंवा अशा कुठून
जिथलं नाव खुद्द कंपनीलाही सांगता येऊ नये.
एक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कानात सांगतं,
दुसरं फोल्डर उघडून पाट मांडतं,
आणि मी नऊला येऊन बघते तर पंगत उठलेली.
सगळ्यांपुढे हिरवी खूण.
सिमेंट, शाम्पू, कर्ज, कर्ज, गुडघ्याचं तेल.
माझ्या बोटांना काहीच चिकटलेलं नसतं.

खोटं कशाला बोलू, सुख आहे.
श्रद्धांजलीच्या पाठोपाठ बँडवाल्याची जाहिरात
दोन वर्षांत एकदाही लागली नाही.
सहाला मी कंपूत, घरी, मेथी निवडत.

फक्त गिरवरलाल शिवहरे बसेनात पाटावर.
दाल बाजारात गजकचं दुकान. अठरा हिवाळे
एकच जाहिरात, स्वतःच्या आवाजात,
कारण भाड्याच्या गळ्याला तिळाची चव काय कळणार.
यंत्रानं परत पाठवली. लाल अक्षरांत:
लांबी ३१.४. अपेक्षित ३०.
पुन्हा चढवली. पुन्हा लाल.
हरचरण असता तर म्हणाला असता, बाई, जरा सरकवून बसवा,
आणि मी बसवलंही असतं,
अठरा वर्षं बसवतच होते
कुठल्यातरी गाण्याची शेपटी कापून.

बसले मग कात्री घेऊन.
काय काढणार?
'खस्ता' काढवेना. पत्ता काढता येईना.
'उधार नहीं' तर ते देवापुढेही म्हणतील.
पडद्यावरच्या लाटा बघत राहिले,
शब्दांचे डोंगर, आणि दोन डोंगरांच्या मध्ये
लहान लहान सपाट जागा
जिथे एक म्हातारा माणूस
जानेवारी आत ओढून घेतो.
पाच जागा होत्या.
पाचही काढल्या.

हिरवी खूण.

शनिवारी फोन आला.
"टेंब्येताई, आवाज़ तो मेरी ही है,
पर मैं इतना जवान कब था?"
म्हटलं, आता असंच असतं, काकाजी.
ते हसले, मग खोकले, मग बराच वेळ
फोनवर नुसतेच होते,
आणि मी सवयीनं मोजत होते.

ते पाच तुकडे मी फेकले नव्हते.
एकापुढे एक जोडून ठेवलेले, नाव न देता,
आणि निघायच्या घाईत ठेवले नेमके त्या फोल्डरात
ज्यावर यंत्राचा डोळा असतो.
फाइलच्या पोटात गिऱ्हाइकाचं नाव तेवढं राहिलेलं.
अपेक्षित लांबी कुणी लिहिली नव्हती,
म्हणून नाकारायला कारणही नव्हतं.

सोमवारी नोंद सापडली:
रविवार, पहाटे पाच दहा. शिवहरे. वाजली.
तक्रार: नाही.
बिल: किमान दहा सेकंदांचं, जीएसटीसह, रवाना.

हरचरण आता त्यांच्याकडेच तीळ कुटतो,
चारपासून, रेडिओ लावून.
त्यानं सांगितलं: मोगरी उचललेली होती, बाई,
आणि वाटलं, मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.
वळून पाहिलं,
तर सेठजी गल्ल्यावर, चष्मा कपाळाला,
फोन डोळ्यांशी धरून
कसलंसं बिल वाचत होते.