ओलावा आढळल्यास

खालच्या मजल्यावरचे अम्ब्रोसी आजोबा
मंगळवारी जिना चढून वर आले,
हातात चिमुकली डबी.
डबीत कापसावर निजलेलं यंत्र,
वालाच्या दाण्याएवढं,
सात महिन्यांत मुकं झालेलं,
कंपनीकडे दोनदा जाऊन जसंच्या तसं परत आलेलं.
"नुत्सा, तू फोन लाव," म्हणाले,
"तक्रार फोनवरच घेतात म्हणे."

ऐकू न येणाऱ्यांच्या यंत्राची तक्रार
फोनवर.
मला हसू फुटलं.
त्यांना फक्त माझे दात दिसले.

हमीपत्र दोन वर्षांचं, जाड गुळगुळीत कागदाचं,
कोपऱ्यात हिरवा शिक्का,
चार महिन्यांची पेन्शन त्यात अडकलेली.
मी एक दाबला, मग तीन,
मग कुणीतरी बावीस मिनिटं पियानो वाजवत राहिलं
आणि आजोबा माझ्या तोंडाकडे बघत बसले
नदीवर गळ टाकून बसावं तसे.

मग तिबिलिसीहून एक साखरेत घोळलेला आवाज:
"यंत्रात ओलावा आढळला आहे.
ओलावा आढळल्यास हमी लागू नाही."

अहो, ते कानात घालायचं असतं.
कानाला घाम येतो. माणूस डोक्यावरून पाणी घेतो.
आमच्या कुताइसीत नोव्हेंबर म्हणजे
उशीसुद्धा दमट लागते गालाला.
आणि बायकोच्या थडग्यापाशी उभा राहून
एखादा रडतो, मान कलती ठेवून,
ते कुठं कुठं ओघळतं कुणी बघितलंय?
कोरडा कान असतो कुणाचा?

"नियम सत्तावीस," ती म्हणाली.
"आणखी काही मदत करू शकते का?"

वीजबिलाच्या पाठीवर मी लिहिलं:
कंपनीनं कानांवर हात ठेवले.
त्यांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"मग त्यांनाही एक यंत्र लागेल," म्हणाले,
आणि आपल्या विनोदावर न हसता खाली गेले.

जिन्याखाली त्यांचं घड्याळांचं दुकान, पलंगाएवढं.
मी मागोमाग गेले तेव्हा भिंग लावून
त्या वालाच्या दाण्याला उलटंपालटं करत होते.
स्क्रू नाही. फट नाही. सगळं डिंकानं बंद केलेलं.
"हे उघडण्यासाठी बनवलेलंच नाही," म्हणाले,
जरा दचकून,
जसं एखाद्या घराला दारच नसावं.

तेवढ्यात झेस्तापोनीचा एक माणूस आला,
वडिलांचं घड्याळ रुमालात बांधून.
सोबत एक चिठ्ठी, घडीवर विरलेली,
एक्क्याऐंशी सालची:
चालेल. न चाललं तर माझ्याकडे आणा. अम्ब्रोसी.
तारीख होती. मुदत नव्हती.

काचेच्या आत धुकं धरलेलं.
वडील मासे धरायचे म्हणे रिओनीत,
घड्याळ कधी काढलं नाही मनगटावरून.
"ओलावा," मी म्हटलं, मोठ्यानं, उगाच.
त्यांना ऐकू गेलं नाही.

माणसानं पाकीट काढलं.
आजोबांनी चिठ्ठीतल्या सहीवर बोट ठेवलं
आणि अशा नजरेनं बघितलं
की त्यानं पाकीट घाईघाईनं खिशात कोंबलं.

दीड तास.
फुंकर, ब्रश, स्पिरिटचा वास,
तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकावर मावेल एवढा.
मग त्यांनी ते घड्याळ कानाला लावलं नाही.
दातांत धरलं, हलकेच,
आणि डोळे मिटले.
जबड्याच्या हाडातून वर चढत असणार काहीतरी,
कारण त्यांचा अंगठा
टेबलावर ठोके देऊ लागला.

"चालतंय," म्हणाले.
चिठ्ठी तीच परत दिली, नवी नाही लिहिली,
आणि वळून हत्यारं पुसायला लागले.

त्या माणसानं दोनदा आभार मानले
पाठमोऱ्या आजोबांचे.