इर्माला फोन

विनिपेगमध्ये नोव्हेंबर लागला की
सेल्कर्क अव्हेन्यूवरच्या चर्चच्या तळघरात
दर गुरुवारी आम्ही कोट वाटतो.
वाटतो म्हणजे, अंगाला लावून बघतो.
बाह्या आखूड, खांदे उतरलेले, चेन अडकलेली.
चेनवर मेणबत्ती घासली की चालते,
हे एकतीस वर्षं बस चालवून नव्हे,
इथे येऊन कळलं मला.

कोट देणारे खिसे तपासत नाहीत.
मी तपासतो. हॉकीच्या सामन्याचं अर्धं तिकीट,
खोकल्याची गोळी, चोखून परत गुंडाळलेली.
एकदा एक दात, बहुतेक लहान मुलाचा.
तो मी टाकला नाही. का, ते विचारू नका.

पण त्या हिरव्या कोटाचा आतला खिसा
माझ्या नजरेतून सुटला.
लेतेब्रहान मूळची अस्माराची,
वाटेत सुदानमध्ये नऊ वर्षं.
इथली थंडी म्हणजे काय, हे सांगायला गेलो
तर बसला दाखवतात तसा हात दाखवून
तिने मला थांबवलं,
कोट चढवला, आणि गेली.

पुढच्या गुरुवारी चिठ्ठी घेऊन आली.
पेन्सिलने लिहिलेली, घडीवर विरलेली:
दूध.
ऱ्हुबार्ब.
बॅटऱ्या दोन, जाड्या.
इर्माला फोन.

माझं नाव अमुक, मी तमुक देशातून आले,
हे वर्गातलं इंग्रजी तिला पाठ होतं.
हे मात्र खरं, ती म्हणाली,
हे कुणाच्या तरी घरचं.
चार दिवस दुकानात फिरून
तिने एकेक शब्द हुडकला होता.
दूध सोपं. बॅटऱ्या पोराने दाखवल्या.
ऱ्हुबार्बचे लाल देठ गोठवलेल्या भाज्यांत सापडले,
तिने एक तसाच कच्चा चावला,
आणि तेव्हाचं तोंड
आम्हाला करून दाखवलं.

मग कागदावर बोट ठेवून उभी राहिली.
"हिला फोन झाला का?"

मी म्हटलं, कोट कुणाचा कोण जाणे,
चिठ्ठी दहा वर्षांपूर्वीचीही असेल.
"हो, पण झाला का?"

कपबशा विसळणाऱ्या ग्वेनला विचारलं,
पाद्रीबाईंना विचारलं.
इर्मा नावाच्या पन्नास म्हाताऱ्या या गावात,
निम्म्या आता दफनभूमीत.
लेतेब्रहान ऐकेना.
कुणीतरी कुठेतरी फोनपाशी बसून आहे
याची तिला खात्रीच होती.
नऊ वर्षं ती स्वतः कशापाशी बसली होती
ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ती म्हणच पडली.
निघताना दिवे मालवले का, दार ओढलं का,
इर्माला फोन केला का.
कांगोहून आलेला म्बुयी तर
कॉफी संपली तरी म्हणतो, इर्माला कळवा.
लेतेब्रहान आता टेबलाच्या या बाजूला असते.
मेणबत्ती माझ्यापेक्षा बरी घासते,
आणि थंडीवर लांबलचक भाषण देते,
समोरच्याने हात दाखवला तरी थांबत नाही.

फेब्रुवारीत माझी छाती भरली.
दोन गुरुवार गेलो नाही.
माझ्या घरी फोन वाजतो तो
कुणाला काहीतरी विकायचं असतं म्हणून.
उचलायचं मी कधीच सोडलं होतं.
त्या दिवशी वाजला, थांबला, वाजला,
थांबला, पुन्हा वाजला.
चिडून उचलला.

पलीकडे तळघराचा गलका, हँगरांची खडखड.
कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं.
मग घसा खाकरून, एकेक शब्द जपून मांडत:
"हॅलो. इर्मा आहे का?"

खिडकीच्या काचेने आतून बर्फ धरलं होतं.
मी खुर्ची ओढून बसलो.
म्हटलं, बोलतेय.